शपथपत्र तुमचं, शब्द कुणाचे?

घटस्फोटाच्या खटल्यातली दहा शपथपत्रं घ्या, नावं झाका आणि वाचा. कुठलं कुणाचं, हे ज्यांनी सह्या केल्या त्यांनाही ओळखता येणार नाही. 'लग्नानंतर सुरुवातीचे काही दिवस चांगले नांदविले. त्यानंतर जाबदार यांनी क्षुल्लक कारणावरून घालून पाडून बोलण्यास सुरुवात केली. उपाशीपोटी ठेवले. माहेरहून पैसे आणण्याचा तगादा लावला. शारीरिक व मानसिक छळ केला.' नवऱ्याचं शपथपत्र असेल तर 'वृद्ध आईवडिलांचा अपमान केला, वेगळे राहण्याचा हट्ट धरला, कोणतेही सयुक्तिक कारण नसताना माहेरी निघून गेली.' तारीख बदलते, गावाचं नाव बदलतं. बाकी मजकूर वकिलाच्या संगणकात कायमचा मुक्कामाला असतो.

छळ झालाच नाही, असं मी म्हणत नाही. अनेकदा तो झालेला असतो आणि कागदावर आहे त्याहून वाईट झालेला असतो. म्हणून तर संताप येतो. पावसात रात्री दोन वाजता गॅलरीत कोंडून ठेवलेल्या बाईची साक्ष कागदावर उतरते ती 'मानसिक छळ केला' एवढीच. गॅलरी गेली, पाऊस गेला, आतून लावलेली कडी गेली. न्यायाधीशाला पटवणारं जे होतं, नेमकं तेच वगळलं. उलट, ज्या घरी कधी आवाजसुद्धा चढला नाही, त्या घरच्या शपथपत्रातही हीच वाक्यं बसवलेली असतात. खऱ्याला आणि खोट्याला एकाच मापाचे कपडे शिवल्यावर न्यायाधीशाने दोघांना वेगळं ओळखायचं कसं?

आणि हे सगळं अशा न्यायालयात चालतं, जे माणसांना त्यांच्या भाषेत बोलता यावं म्हणून उभं केलं गेलं.

विधी आयोगाने १९७४ च्या ५९ व्या अहवालात म्हटलं होतं की, कुटुंबाच्या वादाकडे नेहमीच्या दिवाणी दाव्यापेक्षा मुळातून वेगळ्या नजरेने बघायला हवं. त्या विचारातून १९८४ चा कौटुंबिक न्यायालय कायदा आला. महाराष्ट्रात १९८९ मध्ये पुण्या-मुंबईत ही न्यायालयं सुरू झाली. कायदा वाचला तर आजही आश्चर्य वाटतं, इतका तो मोकळा आहे. कलम १३ म्हणतं, वकील हा इथे पक्षकाराचा हक्क नाही. कलम १४ म्हणतं, वाद नीट सुटायला मदत होईल असं न्यायालयाला वाटलं, तर कुठलाही अहवाल, जबाब, कागद पुरावा म्हणून घ्या. पुराव्याच्या कायद्याच्या काटेकोर चौकटीत तो बसला नाही तरी चालेल. कलम १५ म्हणतं, साक्षीदाराचा शब्दन् शब्द उतरवायची गरज नाही, सारांश लिहा, साक्षीदाराची आणि न्यायाधीशाची सही घ्या. आणि कलम १६ म्हणतं, औपचारिक स्वरूपाचा पुरावा शपथपत्रावर देता येईल.

औपचारिक. म्हणजे लग्नाचा दाखला, दवाखान्याचं बिल, बँकेचं पुस्तक. संसार का मोडला, ही गोष्ट औपचारिक पुराव्यात येत नाही. ती तोंडी सांगायची, न्यायाधीशाने समोर बसून ऐकायची, हा त्या कायद्याचा सरळ अर्थ आहे, असं माझं ठाम मत आहे.

मग २००२ मध्ये दिवाणी प्रक्रिया संहिता बदलली. सरतपासणी, म्हणजे साक्षीदाराची आपल्या बाजूने सांगायची मूळ कहाणी, सरसकट शपथपत्रावर घ्यायचं ठरलं. जमिनीच्या, पैशांच्या दाव्यांसाठी हे ठीक होतं, वेळ वाचला. पण हा बदल कौटुंबिक न्यायालयातही तसाच शिरला आणि तिथे त्याने साक्षीदाराची जीभ काढून घेतली. आता आपल्या बाजूने एक वाक्यही तोंडाने न बोलता माणूस थेट उलटतपासणीला उभा राहतो. न्यायाधीशाच्या कानावर त्याचा आवाज पहिल्यांदा पडतो तो विरुद्ध वकिलाच्या प्रश्नाला उत्तर देताना. आपली गोष्ट आपल्या तोंडाने सांगायची संधी त्याला कधी मिळतच नाही.

एक गोष्ट मान्य करायला हवी. मारणारा नवरा चार फुटांवर बसलेला असताना तोंडातून शब्द न फुटणाऱ्या बाईला शपथपत्राचा आधार होतो. न्यायाधीशांपुढे रोज लागणारी प्रकरणं पाहिली तर वेळेची ओढाताण खरी आहे. पण आधार म्हणून आलेली सोय आता सगळ्यांसाठी सक्ती झाली आहे. अडखळणाऱ्या बाईला कागद द्या. जी बोलू शकते, जी बोलण्यासाठीच वर्षानुवर्षं तारखांना येते आहे, तिला बोलू द्या.

आता उलटतपासणी. आपल्याकडे साक्षीत सहसा प्रश्न लिहिला जात नाही, उत्तर लिहिलं जातं, तेही एकसंध निवेदनासारखं. वकील विचारतात, "लग्नात सासरकडून तुम्हाला दागिने मिळाले होते ना?" बाई सांगते, "मिळाले होते, पण आठव्या दिवशी सासूबाईंनी काढून घेतले." वकील म्हणतात, "विचारलं तेवढंच सांगा." स्टेनो टंकतो: 'हे म्हणणे खरे आहे की, लग्नात मला सासरकडून दागिने मिळाले होते.' 'पण'च्या पुढचं सगळं हवेत विरलं. निकाल पुढे कधीतरी लागतो. तोवर न्यायाधीशांची बदली झालेली असू शकते. ज्यांनी तिचा चेहरा पाहिला ते दुसऱ्या जिल्ह्यात आणि निकाल देणाऱ्यांच्या हातात फक्त हा कागद.

म्हणून साक्षीला जाणाऱ्या प्रत्येकाला एक सांगणं आहे, आणि हे तुमच्या वकिलाने सांगितलं नसेल तर त्यालाही विचारा, का नाही सांगितलं. सही करण्याआधी आपली साक्ष पूर्ण वाचा. वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा. काही राहिलं, चुकलं असेल तर तिथेच, त्याच वेळी न्यायाधीशांना सांगा: "साहेब, मी पुढे असंही म्हटलं होतं." हा उद्धटपणा नाही. सही तुमची असणार आहे. आठवत नसेल तर 'मला आठवत नाही' हेही पूर्ण उत्तर आहे. बारा वर्षांपूर्वीच्या मंगळवारी सकाळी कोण काय म्हणालं, हे कुणालाच आठवत नसतं. जो ठणकावून सांगतो, त्याच्यावरच संशय घ्यावा. आणि एखादी गोष्ट उलटतपासणीत अर्धवट राहिली, तर तुमच्या वकिलाला फेरतपासणीची परवानगी मागता येते. ती मागायचा कंटाळा करणारा वकील तुमचं नुकसान करतो आहे.

प्रत्येक साक्ष एका ठरलेल्या वाक्यावर संपते: 'मी खोटी साक्ष देत आहे, हे म्हणणे खरे नाही.' वकिलाने आपली बाजू साक्षीदारापुढे सूचना म्हणून मांडणं गरजेचं असतं. मांडली नाही, तर ती बाब त्यांना मान्य आहे असं धरलं जाऊ शकतं. त्यामुळे 'तुम्ही खोटं बोलताय' ही सूचना समजण्यासारखी आहे. पण त्या आडून जे विचारलं जातं, ते समजण्यासारखं नाही. ऑफिसातून उशिरा घरी येण्याचं कारण. लग्नाआधी कुणाशी मैत्री होती. फोटोतला हा माणूस कोण, खांद्यावर हात का. नवऱ्याला विचारायचं तर, तुम्ही पुरुष म्हणून कमी पडता का, मनोविकाराची औषधं घेता का. खचाखच भरलेल्या दालनात, पुढच्या तारखेची वाट बघणारी दहा-वीस अनोळखी माणसं ऐकत असताना.

१८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात कलम १५१ आणि १५२ होती. अश्लील, बदनामीकारक प्रश्न न्यायालयाने मना करावेत. अपमान करण्यासाठी किंवा डिवचण्यासाठी विचारलेला प्रश्न रोखावा. २०२४ च्या जुलैपासून लागू झालेल्या नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ही तरतूद आहे. दीडशे वर्षं हत्यार हाताशी आहे. न्यायाधीशमहाशय, ते उचला. वकिलांचा रोष पत्करावा लागेल, तर पत्करा. पिंजऱ्यातल्या माणसाचं रक्षण करणारं तिथे तुमच्याशिवाय कुणी नाही.

वकिलांनीही विसरू नये की प्रश्न उलटू शकतो. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात, पत्नीच्या बाजूने लेखी जबाबात केलेले आणि उलटतपासणीत विचारलेले नवऱ्याच्या मनोविकाराबद्दलचे आरोप हेच मानसिक क्रौर्य ठरवलं. २००३ मध्ये आपल्या महाराष्ट्रातल्याच एका जोडप्याच्या खटल्यात, नवऱ्याने लेखी जबाबात पत्नीच्या चारित्र्यावर उडवलेले शिंतोडे क्रौर्य ठरले. नंतर दुरुस्ती करून तो मजकूर काढून टाकला, तरी ते पुसलं गेलं नाही. तुमच्या अशिलाच्या डोक्यातला राग तुम्ही प्रश्न म्हणून विचारता, तेव्हा त्याचाच खटला बुडवत असता.

दालनातल्या त्या गर्दीवर उपाय आहे आणि तो कुणी वापरत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम ११ नुसार दोघांपैकी एकाने जरी मागणी केली, तरी कामकाज बंद दाराआड चालवावंच लागतं. न्यायालयाची मर्जी नाही, तुमचा हक्क आहे. एक साधा अर्ज. पुढच्या तारखेला घेऊन जा.

नातेवाइकांचं मात्र वेगळं बोलायला हवं. आई साक्षीला येते आणि मुलीचं शपथपत्र पाठ म्हणते. मुलगी सासरी असताना घडलेलं सगळं आईने जणू डोळ्यांनी बघितलं. तिने बघितलेलं नसतं, तिला फोनवर कळलेलं असतं. उलटतपासणीत तिसऱ्या प्रश्नाला ते उघडं पडतं, आणि मग तिने खरंच बघितलेली गोष्टही वाया जाते. दिवाळीला मुलगी आली तेव्हा तिच्या दंडावर काय दिसलं, ती किती बारीक झाली होती, फोन वाजला की कशी दचकायची, हे आईने बघितलेलं असतं. तेवढंच सांगा ना. मोठ्या आवाजात पाठ म्हटलेल्या दहा परिच्छेदांपेक्षा दचकणारी मुलगी ही खरी साक्ष आहे. अमेरिकेतल्या मुलाच्या वतीने मुखत्यारपत्र घेऊन उभे राहणाऱ्या वडिलांनाही हेच लागू. अर्ज दाखल करा, तारखा सांभाळा. पण मुलाच्या खोलीत काय घडलं ते तुम्ही सांगू शकत नाही. ते त्यानेच सांगायला हवं.

'नातेवाईकच तर आहेत, पक्षपाती बोलणार' म्हणून त्यांची साक्ष उडवून लावणंही चूक. घरातलं घरातल्यांनाच माहीत असतं. नवरा-बायकोच्या भांडणात नातेवाईक, मित्र, घरकामाला येणाऱ्या मावशी हेच स्वाभाविक साक्षीदार असतात. मावशी तर सर्वांत जास्त जाणतात. पण त्या आल्या की अर्ध्या दिवसाचा खाडा, आणि सोसायटीत 'ही कोर्टात जाऊन सांगते' अशी बोंब. त्यांच्यासाठी भत्त्याची तरतूद कायद्यात आहे, तो त्यांना मिळवून द्या आणि त्यांच्या कामाची हमी आधी द्या. तीन मजल्यांना ऐकू जाणारं भांडण वर्षानुवर्षं ऐकून 'आम्हाला त्यात पाडू नका' म्हणणाऱ्या शेजाऱ्यांनी त्यांच्याकडून शिकावं.

आणि कुणीच आलं नाही तरी घाबरू नका. किती साक्षीदार हवेत याचा आकडा कायद्यात नाही. एकाची साक्ष विश्वासार्ह असेल तर ती पुरते. १९ मार्च १९७५ ला सर्वोच्च न्यायालयाने, पुण्यात लग्न झालेल्या एका जोडप्याच्या खटल्यात, न्या. यशवंत चंद्रचूड यांच्या निकालाद्वारे स्पष्ट केलं की, क्रौर्य सिद्ध करायला फौजदारी खटल्यासारखी निःसंशय खात्री लागत नाही. घडलं असण्याची शक्यता न घडण्यापेक्षा जास्त वाटली तरी पुरे. तो अर्ज पुण्यात दाखल झाला होता १९६२ मध्ये. तेरा वर्षं. पुढच्याच वर्षी, १९७६ मध्ये, हिंदू विवाह कायद्यात कलम २१ ब आलं: नोटीस बजावल्यापासून ६ महिन्यांत खटला संपवण्याचा प्रयत्न करावा, सुनावणी शक्यतो रोजच्या रोज चालवावी. ते कलम आजही कायद्यात आहे. प्रत्यक्षात शिपाई पुकारा करतो, वकील तारीख मागतात, 'साक्षीदार हजर, वेळेअभावी तहकूब' असा रोजनामा लिहिला जातो. बाहेरगावाहून रजा टाकून आलेला माणूस पुन्हा एसटीत बसतो. साक्षीदार हजर असेल त्या दिवशी साक्ष झालीच पाहिजे, एवढं तरी करा.

रेकॉर्डिंगबद्दल थोडक्यात. १४ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, नवरा-बायकोचं चोरून टेप केलेलं संभाषण त्यांच्या आपसातल्या खटल्यात पुरावा म्हणून येऊ शकतं. पाळत ठेवण्याची वेळ आली असेल तर ते नातं मोडल्याचंच लक्षण, असंही न्यायालयाने म्हटलं. निकाल मान्य, पण ऐकताना एक लक्षात ठेवायला हवं. फोन चालू आहे हे एकाला ठाऊक असतं, दुसऱ्याला नाही. म्हणून एकाचा आवाज शांत असतो आणि दुसऱ्याचा फाटलेला. आधीचे दोन तास काय चाललं होतं, ते टेपमध्ये नसतं.

पोटगीच्या बाबतीत मात्र मला कुणाचीही गय करावीशी वाटत नाही. ४ नोव्हेंबर २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून दोन्ही पक्षांनी आपलं उत्पन्न, मालमत्ता, देणी यांचं तपशीलवार शपथपत्र द्यायचं आहे. तरी अर्ज आला की धंद्यात अचानक तोटा होतो, नोकरीचा राजीनामा पडतो, गाडी भावाच्या नावावर जाते. शिकलेली, नोकरी करणारी बाई 'उत्पन्नाचे साधन नाही' लिहिते, तेही तितकंच खोटं. न्यायालयात खोटा पुरावा देणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २२९ खाली ७ वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. त्या कलमाची पायरी चढलेला नवरा किंवा बायको तुम्ही किती पाहिलीत? खोटं बोलणाऱ्याला काही होत नाही, हे प्रत्येक कोर्टाच्या आवारातल्या चहावाल्यालाही माहीत आहे. पगाराच्या चिठ्ठीवर धडधडीत खोटं सिद्ध झालेल्या थोड्या जणांवर तरी कारवाई होऊ द्या. तिथे भावनांचा प्रश्न नाही, आकड्यांचा आहे.

आणि मुलं. ताब्याच्या वादात न्यायाधीश मुलाला चेंबरमध्ये बोलावून गप्पा मारतात, ही चांगली पद्धत आहे. मुलाला पिंजऱ्यात उभं करत नाहीत. शाळा, मित्र, आजी, जेवायला काय आवडतं, असं विचारत विचारत ते मूल मोकळं होतं. किंवा होत नाही. कारण सात वर्षांचं मूल खुर्चीत बसतं आणि म्हणतं, "पप्पांनी आम्हाला मानसिक त्रास दिला." सात वर्षांच्या मुलाच्या तोंडी हा शब्द नसतो. तो शपथपत्रातून आलेला असतो, झोपायच्या आधी रोज थोडा थोडा भरवलेला असतो. ज्या पालकाने तो भरवला, त्याच्याबद्दल मला कसलीही सहानुभूती नाही, मग त्याचा स्वतःचा छळ कितीही खरा असो. तुमचं भांडण तुम्ही तुमच्या तोंडाने सांगा. मुलाला त्याच्या वडिलांविरुद्ध किंवा आईविरुद्ध साक्षीदार बनवणं ही नव्याने केलेली इजा आहे, आणि ती तुम्ही स्वतः केलेली असते.

जी भाषा मुलाच्या तोंडी खोटी वाटते, ती मोठ्यांच्या तोंडीही खोटीच वाटते. फरक एवढाच की मोठ्यांच्या बाबतीत आपण तिची सवय करून घेतली आहे. १९९८ पासून महाराष्ट्रात जिल्हा व त्याखालच्या न्यायालयांची भाषा मराठी आहे. तुमच्या घरच्या भाषेत तुमची साक्ष लिहिली जाऊ शकते. मग वकिलाकडे जाण्याआधी एक वही घ्या आणि घडलेलं तुमच्या शब्दांत लिहा. किती वाजले होते, कोण घरात होतं, काय शब्द वापरला, तुम्ही नंतर कुठे बसलात, कुणाला फोन केला. वकील म्हणेल, एवढं कशाला. त्याला सांगा, शपथपत्रात हेच जाऊ दे, तुमचे तीन परिच्छेद काढा. जो वकील ऐकणार नाही, तो बदला.

मागणी उच्च न्यायालयाकडे आहे. कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम २१ ने नियम करण्याचा अधिकार त्यांच्याकडे दिला आहे. एवढाच नियम करा: घटस्फोटाच्या आणि मुलांच्या ताब्याच्या प्रकरणात पक्षकाराने मागितलं, तर त्याची सरतपासणी तोंडी होईल, बंद दाराआड, निदान अर्धा तास, वकिलाच्या आडकाठीशिवाय, आणि ती ऐकणाऱ्या न्यायाधीशांची बदली झाली, तर पुढच्या न्यायाधीशांसाठी ती आवाजात जपून ठेवली जाईल. एक खोली, एक रेकॉर्डर आणि ऐकायला तयार असलेला एक माणूस, याहून जास्त काही लागत नाही.